योद्धा, उपचारक आणि खेळाडूचे वय

जानेवारी १९७४. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या लहान गावात एक नवा खेळ विक्रीस आला. लाकडी पोताचा भास देणारा कागद चिकटवलेले एक खोके आणि त्यात तीन पातळ पुस्तिका, एवढाच त्याचा संसार. किंमत दहा डॉलर. पहिल्या आवृत्तीची खोकी हाताने भरलेली होती. ती एक हजार होती आणि ती खपायला जवळजवळ वर्ष लागले. खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', कर्ते गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. आज जगभर खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांचा, म्हणजे ज्यांना आपण रोल-प्लेइंग गेम म्हणतो त्यांचा, छापील इतिहास या खोक्यापासून सुरू होतो.

फासे टाकून पात्राचे बळ, बुद्धी, चापल्य वगैरे ठरले की खेळाडूपुढे प्रश्न येई : तू कोण होणार? उत्तरे तीनच होती. लढवय्या, जादूगार किंवा क्लेरिक. हा क्लेरिक म्हणजे हाती गदा घेतलेला आणि मंत्राने जखमा भरून काढणारा धर्मोपासक. यालाच पुढे पात्रवर्ग, खेळाडूंच्या बोलीत 'क्लास', म्हणू लागले. १९७५ मध्ये 'ग्रेहॉक' या पुरवणीने चोर आणला, पॅलाडिन हा व्रतस्थ योद्धा आणला, आणि मग ही यादी वाढतच गेली.

आता पन्नास वर्षांचा काळ लोटला आहे. पहिल्या पिढीचे खेळाडू साठी ओलांडून गेले आहेत आणि त्यांची नातवंडे तोच प्रश्न संगणकाच्या पडद्यावर सोडवीत आहेत. खेळाडूंच्या गप्पांत एक समजूत हमखास ऐकू येते. पंधराव्या वर्षी माणूस तलवार किंवा खंजीर उचलतो, तिशी-पस्तिशीत ढाल घेऊन इतरांच्या पुढे उभा राहतो, आणि त्यानंतर मागच्या रांगेत जाऊन इतरांच्या जखमा बांधू लागतो. समजूत मोठी लोभस आहे. ती खरी आहे का, आणि खरी असेल तर ते आपल्याला कसे कळणार?

प्रश्न वरवर पोरकट वाटेल. परंतु वयाबरोबर माणसाच्या मनात नेमके काय बदलते, हा मानसशास्त्राचा जुना आणि अतिशय अवघड प्रश्नच येथे खेळाचा वेष घेऊन आला आहे. त्या अवघड प्रश्नावर विज्ञानाने एकदा मोठी ठेच खाल्ली आहे, आणि खेळांच्या बाबतीत तीच ठेच पुन्हा लागण्याचा संभव आहे. म्हणून हा इतिहास थोडा मुळापासून पाहिला पाहिजे.

मूळ आपल्याकडेच सापडते. साधारणपणे इसवी सनाच्या सहाव्या शतकात उत्तर भारतात चतुरंग हा खेळ रूढ होता. हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगे. प्रत्येकाची चाल वेगळी, प्रत्येकाचे सामर्थ्य वेगळे, प्रत्येकाची मर्यादा वेगळी. 'एका प्रकारच्या सोंगटीला एका प्रकारची शक्ती' ही पात्रवर्गाची बीजकल्पना येथे स्पष्ट दिसते. हा खेळ इराणात गेला, तेथून अरबी जगात आणि पुढे युरोपात. मात्र चतुरंगात किंवा बुद्धिबळात खेळाडू स्वतः घोडा होत नाही. तो सगळ्या सैन्याचा धनी असतो. कोणते अंग आपले, असा प्रश्न त्याच्यापुढे कधी येतच नाही.

१७८० मध्ये जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील गणिताचे अध्यापक योहान हेलविग यांनी बुद्धिबळाचा पट मोठा केला. पटावर जंगले, नद्या, गावे आणली आणि सोंगट्यांच्या जागी त्या काळचे पायदळ, घोडदळ, तोफखाना मांडला. हेतू असा की तरुण अधिकाऱ्यांना युद्धशास्त्र खेळता खेळता शिकता यावे. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातील लेफ्टनंट फॉन राइसविट्स यांनी, वडिलांनी सुरू केलेले काम पुढे नेत, पटावरची घरेच काढून टाकली आणि खराखुरा नकाशा वापरला. हानी किती झाली हे फासे टाकून ठरू लागले, आणि दोन्ही पक्षांमध्ये एक पंच बसू लागला. सेनाप्रमुख फॉन म्युफ्लिंग यांनी हा खेळ सैन्यासाठी उचलून धरला. आजच्या भूमिका-खेळात फासे हातात घेऊन कथा सांगणारा जो सूत्रधार असतो, त्याचे पूर्वज हे प्रशियन पंच होत.

तरीही खेळाडू अजून सेनापतीच होता. तो माणूस झाला १९६९ मध्ये, मिनेसोटातील जुळ्या शहरांत. डेव्हिड वेस्ली या तरुणाने नेपोलियनच्या काळातील 'ब्राउनस्टाइन' नावाच्या एका काल्पनिक जर्मन गावाचा खेळ मांडला. दोन सैन्ये गावाकडे येत आहेत. पण सेनापती सोडून उरलेल्या मित्रांना काय द्यायचे? त्याने एकाला नगराध्यक्ष केले, एकाला विद्यार्थ्यांचा पुढारी, अशा व्यक्तिगत भूमिका वाटून टाकल्या. प्रत्यक्षात सैन्ये बाजूला राहिली आणि गावातल्या लोकांनी इतक्या कारस्थानांचा घोळ घातला की आपला प्रयोग फसला असे वेस्लीला वाटले. मित्र मात्र पुन्हा खेळायला मागू लागले. त्या मित्रांत आर्नेसन होता. तिकडे लेक जिनिव्हात गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी १९७१ मध्ये 'चेनमेल' हे मध्ययुगीन लढायांच्या खेळाचे पुस्तक काढले होते. त्याच्या अद्भुतरम्य पुरवणीत 'हीरो' ही सोंगटी चार सैनिकांच्या तोडीची मानलेली होती. १९७४ च्या खेळात चौथ्या पातळीच्या लढवय्याला 'हीरो' ही पदवी मिळते, ती याच हिशेबातून. सैन्याच्या तुकडीचा एक माणूस कसा झाला, याचा एवढा स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

क्लेरिकची जन्मकथा तर याहून बोलकी आहे. आर्नेसनच्या 'ब्लॅकमूर' या खेळात एका खेळाडूचे पात्र रक्तपिपासू पिशाच बनले आणि कोणालाच आवरेना. त्याला तोड म्हणून दुसऱ्याला धर्मोपासकाची भूमिका दिली गेली. म्हणजे उपचार करणारा हा वर्ग कुणाच्या दयाबुद्धीतून निघालेला नाही. तो डाव सावरण्यासाठी निघाला. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे ती कामास येईल. (जाता जाता : १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये आपला राक्षसही आहे, वाघाचे तोंड आणि अंगात उंची कपडे. चतुरंग ज्या मार्गाने गेले त्या मार्गाने तो गेला नाही. अमेरिकेतील दूरचित्रवाणीवरील एका भयकथेतून तो तेथे पोहोचला.)

वयाचा प्रश्न या खेळाच्या नियमांत प्रथम आला तो १९७९ मध्ये, आणि तोही उलट्या बाजूने. त्या वर्षीच्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये गायगॅक्सने कोष्टके दिली. मनुष्यजातीचा लढवय्या साहसाला बाहेर पडतो तेव्हा त्याचे वय १५ अधिक चार बाजूंच्या एका फाशाचे दान, म्हणजे १६ ते १९. जादूगाराचे वय २४ अधिक आठ बाजूंच्या दोन फाशांचे दान, म्हणजे २६ ते ४०. विद्या शिकायला वेळ लागतो, हे त्यामागचे गणित. पुढे पात्राचे वय वाढले की नियमाप्रमाणे बळ आणि चापल्य घटते, आणि बुद्धी व शहाणपण यांत भर पडते. प्रौढ, मध्यमवयीन, वृद्ध, अतिवृद्ध असे टप्पे आखून त्याचे अधिक-उणे आकडे छापलेले आहेत.

याच सुमारास मानसशास्त्रात रेमंड कॅटेल आणि जॉन हॉर्न यांची मांडणी प्रसिद्ध होऊन दीडएक दशक झाले होते. बुद्धीचे दोन प्रवाह आहेत. नवी कोडी झटपट सोडवणारी 'प्रवाही' बुद्धी तारुण्यानंतर ओसरते. अनुभवाने साठत जाणारी 'घनीभूत' बुद्धी दीर्घकाळ टिकते, वाढतेही. गायगॅक्सने हे वाचले होते असा माझा दावा नाही, त्याची गरजही नाही. म्हातारपण म्हणजे हात मंद आणि डोके पिकलेले, ही कल्पना पुराणकथांइतकी जुनी आहे. खेळाने तिला कोष्टकाचे रूप दिले. आणि कोष्टकात पात्राचा वर्ग त्याचे वय ठरवीत होता. खेळाडूचे वय त्याचा वर्ग ठरवते का, हे विचारण्याची सोय अजून कुणाकडे नव्हती. घराघरांतल्या टेबलांवर चाललेल्या खेळाची मोजदाद करणार तरी कोण?

ती सोय संगणकाने केली. १९७८ मध्ये इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 'मड' हा केवळ शब्दांचा बनलेला, एकाच वेळी अनेकांनी खेळायचा खेळ लिहिला. १९८९-९० च्या सुमारास तेथील जुन्या जाणत्या खेळाडूंत 'लोकांना या खेळातून हवे तरी काय असते' यावर महिनोन्‌महिने वाद रंगला. त्या वादाचे सार काढून बार्टल यांनी १९९६ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. खेळाडू चार प्रकारचे : गुण आणि बक्षिसे मिळवणारे, जग धुंडाळणारे, माणसे जोडणारे आणि इतरांना छळण्यात आनंद मानणारे. पत्त्यांतल्या चौकट, इस्पिक, बदाम आणि किलवर यांवरून त्यांनी नावे सुचवली. खेळ-अभ्यासाच्या विद्यार्थ्यांना हे चार रंग आजही पहिल्या धड्यात भेटतात. ते एका जाणकाराचे मार्मिक निरीक्षण आहे, पण मापन नव्हे. कोणत्या वयाचा माणूस कोणत्या रंगाचा, हे त्यात नाही.

मापनाचे श्रेय प्रामुख्याने निक यी यांच्याकडे जाते. १९९९ च्या मार्चमध्ये 'एव्हरक्वेस्ट' हा जाळ्यावरचा भूमिका-खेळ आला, चौदा पात्रवर्ग घेऊन. यी तेव्हा महाविद्यालयीन विद्यार्थी होते. त्यांनी खेळाडूंना प्रश्नावल्या पाठवायला सुरुवात केली, आणि पुढे 'डीडलस प्रकल्प' या नावाने ती पाहणी २००९ पर्यंत चालली. तीन वर्षांत सुमारे तीस हजार खेळाडूंनी दिलेल्या उत्तरांवर आधारलेला त्यांचा लेख २००६ मध्ये आला. खेळाडू म्हणजे शाळकरी मुलगा, ही समजूत त्याने मोडीत काढली. सरासरी वय सव्वीसच्या आसपास निघाले आणि खेळण्याचा वेळ आठवड्याला सरासरी बावीस तास. त्याच वर्षीच्या दुसऱ्या लेखात यी यांनी खेळण्यामागच्या प्रेरणा मोजल्या आणि त्या तीन मोठ्या गटांत बसवल्या : काही साध्य करणे, माणसांत मिसळणे आणि कथेत बुडून जाणे. त्यातला एक निष्कर्ष मला विशेष महत्त्वाचा वाटतो. साध्य करण्याची, वरचढ ठरण्याची ओढ पुरुषांत अधिक आणि स्त्रियांत कमी, असे सरसकट म्हटले जाते. पण ही ओढ कमीजास्त का असते, याचे स्पष्टीकरण लिंगापेक्षा वयाने अधिक चांगले होते. पुढे यी आणि निकोलस ड्यूशेनो यांनी स्थापन केलेल्या 'क्वांटिक फाउंड्री' या संस्थेने याहून कितीतरी मोठा नमुना गोळा केला. तेथेही वयाबरोबर सर्वांत वेगाने उतरणारी प्रेरणा म्हणजे स्पर्धा, असेच दिसले. तरुण मुलगे आणि मुली यांच्यात स्पर्धेच्या आवडीचे मोठे अंतर असते. पंचेचाळिशीच्या सुमारास ते जवळजवळ मिटते. उलट डावपेच आखण्याची आवड वयाच्या उतरणीवर सर्वांत कमी घसरली.

या आकड्यांवरून आपली लोभस समजूत सिद्ध झाली असे म्हणण्याचा मोह होतो. स्पर्धा ओसरली, म्हणजे खंजीर खाली ठेवला. बाकी सगळे ओघाने आलेच. शरीराच्या बाजूनेही दुजोरा मिळतो. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या जोसेफ थॉम्पसन, मार्क ब्लेअर आणि अँड्र्यू हेन्री यांनी २०१४ मध्ये 'स्टारक्राफ्ट २' या वेगवान डावपेचांच्या खेळातील १६ ते ४४ वयाच्या ३३०५ खेळाडूंच्या खेळाची यंत्रनोंद तपासली. नवे दृश्य समोर आल्यापासून पहिली कृती करेपर्यंतचा वेळ साधारण चोविसाव्या वर्षापासून वाढू लागतो, असे त्यांना आढळले. चोविसावे वर्ष! आपल्याकडे त्या वयात पदव्युत्तर परीक्षेचा निकाल जेमतेम लागलेला असतो. पण त्याच शोधनिबंधात दुसरीही बाजू होती. वयस्क खेळाडू एकूण खेळात तितके मागे पडत नव्हते. आज्ञा सोप्या करणे, कळफलकावरचे आडमार्ग वापरणे अशा युक्त्यांनी ते हाताची मंदगती भरून काढत होते.

मग गाडे अडते कोठे? पहिली अडचण अशी की प्रेरणा आणि पात्रवर्ग या दोन भिन्न गोष्टी आहेत. क्लेरिकची जन्मकथा येथे आठवावी. कळपात कुणीतरी जखमा भरणारा लागतो, म्हणून कुणीतरी तो होतो. नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये नऊ वर्ग होते आणि मोठ्या मोहिमेला चाळीस जणांचा जथा लागे. चाळीस माणसे ठरावीक रात्री, ठरावीक वेळी, तासन्‌तास जमवायची. ज्याच्या घरात तान्हे मूल आहे किंवा ज्याला सकाळी आठची पाळी गाठायची आहे, त्याला हे कसे जमावे? २००७ च्या विस्तारात तो जथा पंचवीस आणि दहा जणांवर आला. एखाद्या चाळिशीतल्या खेळाडूने एकट्याने खेळता येईल असा शिकारी वर्ग निवडला, तर त्यात स्वभाव किती आणि घड्याळ किती? शिवाय खेळ बनवणारे दर काही महिन्यांनी वर्गांची ताकद वरखाली करतात. काल दुबळा असलेला वर्ग आज अजिंक्य ठरतो आणि सारे तिकडे धावतात. ज्या पट्टीने मोजायचे ती पट्टीच लांबी बदलत राहिली तर मोजमापाचे काय होणार?

दुसरी अडचण साधनांची. सर्व्हरवरील नोंदींत वर्ग अचूक दिसतो. पालो आल्टो संशोधन केंद्रातील ड्यूशेनो, यी आणि सहकारी यांनी 'वॉरक्राफ्ट'च्या जगाची अशी यांत्रिक शिरगणती दीर्घकाळ केली. पण सर्व्हरला पात्राची पातळी कळते, पात्रामागच्या माणसाचे वय कळत नाही. उलट प्रश्नावलीत वय कळते, परंतु उत्तर देणारा स्वतःहून आलेला असतो आणि आपल्याविषयी सांगतो ते तपासता येत नाही. 'पॅलाडिन सर्वांत लोकप्रिय' अशी जी माहिती 'बाल्डर्स गेट ३'च्या कर्त्यांनी २०२३ मध्ये दिली, ती पहिल्या जातीची. ऐकायला गंमत वाटते, वयाबद्दल ती एक अक्षर बोलत नाही.

दोन्ही साधने जोडण्याचा नामांकित प्रयत्न २००८ मध्ये दिमित्री विल्यम्स, यी आणि स्कॉट कॅप्लन यांनी केला. 'एव्हरक्वेस्ट २'च्या चालकांनी त्यांना खेळाच्या नोंदी दिल्या, आणि प्रश्नावली भरणाऱ्याला बक्षीस म्हणून खेळातीलच एक खास जादूचा दंड देऊ केला. सात हजारांहून अधिक उत्तरे भराभर आली. (आपल्याकडच्या सर्वेक्षकांनी या दंडाचा अभ्यास जरूर करावा.) सरासरी वय एकतीस निघाले. विशीपेक्षा तिशीतले खेळाडू अधिक होते, आणि वय वाढेल तसे खेळण्याचे तास वाढत होते. माणसे स्वतःविषयी सांगतात ते आणि करतात ते यांत अंतर असते, हेही दिसले. खेळाचे तास सांगताना लोक ते कमी सांगत. २०११ मध्ये यी आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गुंता पुढे आणला. 'वॉरक्राफ्ट'मधला पुरुष खेळाडू स्त्रीचे पात्र घेऊन खेळतो तेव्हा इतरांवर अधिक उपचार करतो. स्त्री खेळाडू पुरुषाचे पात्र घेते तेव्हा कमी. म्हणजे मुखवटा धारण केला की माणूस मुखवट्याप्रमाणे वागू लागतो. तेव्हा वयस्क माणसे उपचारकाकडे वळतात, असे कधी काळी नक्की झालेच, तरी ते वयामुळे की 'वडीलधाऱ्याने सांभाळून घ्यावे' या शिकवणुकीमुळे, हा प्रश्न राहीलच.

आणि आता ती ठेच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मानसशास्त्रज्ञ वेगवेगळ्या वयांच्या माणसांना एकाच वेळी बुद्धिमापनाच्या कसोट्या देत. विशीतल्यांचे गुण जास्त, साठीतल्यांचे बरेच कमी. निष्कर्ष काढला गेला की तारुण्य सरले की बुद्धी झपाट्याने ढासळते. १९५६ मध्ये सिएटल परिसरात के. वॉर्नर शाय यांनी सुमारे पाचशे जणांची अशीच चाचणी घेतली. पण ते तेथे थांबले नाहीत. सात वर्षांनी त्यांनी त्याच माणसांना पुन्हा बोलावले, शिवाय त्याच वयांची नवी माणसे जोडली, आणि हा क्रम अनेक दशके चालू ठेवला. चित्र पालटले. एकाच माणसाच्या आयुष्यात बहुतेक क्षमता साठीपर्यंत बऱ्याच अंशी टिकून होत्या. साठीच्या माणसांचे गुण कमी दिसत होते, त्याचे एक मोठे कारण असे की ती वेगळ्या काळात जन्मली, कमी शिकली, वेगळ्या शाळांत गेली. पिढीतला फरक विज्ञानाने वयाच्या नावावर लिहून ठेवला होता. ही चूक केवळ वहीत राहत नाही. साठीची माणसे मंदबुद्धी असतात असे ज्या समाजाला 'शास्त्राने' सांगितले, तेथे त्यांना शिकवायला आणि कामावर ठेवायला कोण धजावणार?

खेळांच्या पाहण्या बहुतांशी याच एककालिक पद्धतीच्या आहेत. आज पंचावन्न वर्षांचा असलेला खेळाडू टेबलाभोवती बसून, पेन्सिल आणि फासे घेऊन, मित्रांशी बोलत हा खेळ शिकला. आज पंधरा वर्षांचा मुलगा अनोळखी प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध, सेकंदाच्या हिशेबाने खेळायला शिकला. त्यांच्या आवडींत फरक असणारच. पंधरा वर्षांचा मुलगा पंचावन्नाव्या वर्षी पहिल्यासारखा होईल, हे कशावरून? क्वांटिक फाउंड्रीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीने हा धोका नेमका दाखवला. नऊ वर्षांत पंधरा लाखांहून अधिक खेळाडूंनी दिलेली उत्तरे तपासली, तेव्हा डावपेच आणि नियोजन यांची आवड काळाबरोबर लक्षणीय घटलेली दिसली. हीच ती प्रेरणा, जी वयाच्या उतरणीवर सर्वांत स्थिर मानली होती. जे वयाने हलले नाही, ते काळाने हलवले. मग वयाने हलले असे जे वाटते, त्यातले काळाने किती हलवले असेल?

भारतात हा गुंता आणखी दाट आहे. आपल्याकडे टेबलावरच्या भूमिका-खेळांची परंपरा तोकडी. सायबर कॅफेतून एक पिढी संगणकाकडे आली, आणि २०१६ नंतर स्वस्त डेटामुळे त्याहून कितीतरी मोठा समूह थेट मोबाइलवरील लढाईच्या खेळांत उतरला. येथे पंचवीस आणि पंचेचाळीस वर्षांच्या माणसांत वीस वर्षांचे अंतर तर आहेच. शिवाय त्यांच्यामध्ये एक अख्खे तंत्रयुग उभे आहे. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी स्वतंत्र उपचारकेंद्र आहे. २०२२ च्या डिसेंबरात ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत स्थान मिळाले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशाच्या जाळ्यावरील खेळांना बंदी करणारा आणि ई-स्पोर्ट्सला उत्तेजन देणारा कायदा केला. या सर्व चर्चांत 'तरुणांना हे आवडते', 'या वयात असे होतेच, पुढे सुटते' अशी विधाने सहज येतात. सुटते का? ज्यांच्याविषयी हे म्हणायचे, ती पिढी भारतात अजून म्हातारी झालेलीच नाही. अमेरिकेतील पन्नाशीच्या खेळाडूंचे आकडे आणून येथील विशीच्या मुलांचे भविष्य सांगणे म्हणजे शेजारच्या गावचा पाऊस मोजून आपल्या शेतात पेरणी करणे.

मात्र एक साधन आपल्याकडे तयार आहे, आणि ते मुंबईत देवनारला आहे. तेथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था 'लासी' हा देशव्यापी वार्धक्य-अभ्यास चालवते. त्याची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली. ४५ वर्षे व त्यापुढील वयाच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या मिळून ७२,००० हून अधिक जणांच्या भेटी घेतल्या गेल्या. स्मरणशक्ती, प्रकृती, उत्पन्न, नातीगोती, सारे विचारले गेले, आणि त्याच माणसांकडे पुन्हा जायचे हे त्याचे सूत्र आहे. शाय यांनी सिएटलला जे केले, त्याची ही फार मोठी आवृत्ती. त्या प्रश्नावलीत फावल्या वेळात पत्ते किंवा बैठे खेळ खेळता का, असाही प्रश्न आहे. पहिल्या फेरीतला सर्वांत तरुण पंचेचाळिशीतला माणूस १९७२-७३ च्या आसपास जन्मला, म्हणजे बरोबर त्या लाकडी पोताच्या खोक्याच्या वेळी. सायबर कॅफेत तलवार हाती घेतलेला १९८८ चा मुलगा २०३३ मध्ये पंचेचाळीस वर्षांचा होईल आणि अशा पाहणीच्या उंबरठ्यावर येईल. त्याला आज, पस्तिशीनंतरच्या या वर्षांत, एकदा विचारून ठेवले पाहिजे की तू कोणते पात्र घेतोस आणि का. आणि नंतर त्यालाच, साठीत, पुन्हा.